जेफरसन काउंटी, आयोवा: घर घेण्याआधी जनगणनेचं पान उघडलं त्याचा अनुभव

अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ओटमवाच्या कारखान्यात माझी बदली ठरली तेव्हा हातात जेमतेम दोन आठवडे होते आणि राहायचं कुठे हे पुण्यात बसून ठरवायचं होतं. ऑफिसातले सगळे म्हणत होते की डे मॉइनला राहा, तिथे आपली माणसं आहेत, मंदिर आहे, दुकानं आहेत, पण तिथून ओटमवा म्हणजे रोज दीड तास जायचं आणि दीड तास यायचं, आणि तेही आयोवाच्या बर्फात. मग जवळची गावं शोधायला लागले आणि तेव्हा पहिल्यांदा अमेरिकेच्या जनगणना खात्याचं 'क्विकफॅक्ट्स' नावाचं पान उघडलं. त्याला आता चार वर्षं झाली. या चार वर्षांत ते पान आणि त्याच खात्याची मोठी साइट, डेटा डॉट सेन्सस डॉट गव्ह, मी इतक्या वेळा वापरली आहे आणि इतक्या ओळखीच्यांना वापरायला लावली आहे की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते. आपल्यातले बरेच जण हल्ली अशा छोट्या गावांत नोकरीला किंवा शिकायला येतायत, कोणी हॉस्पिटलात, कोणी कारखान्यात, कोणी युनिव्हर्सिटीत, आणि सगळे घर शोधताना फक्त भाड्याच्या जाहिराती बघतात.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं खरंच खूप आहे. पैसे लागत नाहीत, लॉगिन लागत नाही, जाहिराती नाहीत. काउंटीचं, म्हणजे तिथल्या जिल्ह्याचं, नाव टाकलं की एकच लांब पान येतं, माणसं किती, वय काय, घरं किती, त्यातली मालकीची किती, भाडं साधारण किती, शिक्षण, उत्पन्न, कामाला जायला लागणारी मिनिटं, इंटरनेट किती घरांत आहे, सगळं. शेजारी दुसरी काउंटी, राज्य, देश असे रकाने लावता येतात. मी जेफरसन, तिच्या पश्चिमेची वापेलो म्हणजे ओटमवा जिथे आहे ती, आयोवा राज्य आणि पूर्ण अमेरिका असे चार रकाने लावले होते आणि तो तक्ता प्रिंट काढून फ्रिजवर लावला होता, नवरा आणि मी येता जाता वाचायचो. आपल्याकडे एखाद्या तालुक्याची अशी माहिती एका जागी, ताजी, दोन मिनिटांत मिळवून दाखवा, मी मानेन. आयोवात ९९ काउंट्या आहेत आणि त्यातल्या सगळ्यात छोटीला पण तेच पान, तेच रकाने, न्यूयॉर्कला जे मिळतं तेच. मला ही गोष्ट मनापासून आवडते.

पण हे पान वाचायचं कसं हे कोणी सांगत नाही, आणि न समजता वाचलं तर माणूस चुकीचा निर्णय घेतो. आम्ही पण घेणारच होतो.

झालं असं की जेफरसन काउंटीची लोकसंख्या २०१० साली १६,८४३ होती आणि २०२० साली १५,६६३. म्हणजे ११८० माणसं कमी, सात टक्के. वापेलो काउंटी त्याच दहा वर्षांत ३५ हजारांच्या वर जवळपास होती तिथेच राहिली. नवरा म्हणाला, अगं हे गाव तर रिकामं होतंय, तिथे शाळा तरी टिकेल का, आपण ओटमवातच घर बघू. मला पण तेच वाटलं. पण फेअरफील्ड, म्हणजे काउंटीचं मुख्य गाव, त्याचा आकडा वेगळा काढून बघितला तर २०१० ला ९,४६४ आणि २०२० ला ९,४१६. दहा वर्षांत फक्त ४८ माणसं कमी. मग बाकीची हजारभर गेली कुठे? शेतकरी तर इतक्या झटकन जात नाहीत.

ती सापडली महर्षी वेदिक सिटीत. हे खरंच गावाचं नाव आहे, फेअरफील्डच्या थोडं उत्तरेला, २००१ साली रीतसर नगरपालिका म्हणून नोंदलेलं. २०१० च्या जनगणनेत तिथे १,२९४ माणसं आणि २०२० ला २७७. मधल्या काळात काय झालं तर भारतातून वेदपठणासाठी आणलेले साधारण हजार पंडित तिथे एका आवारात राहायचे, ते पुढे टप्प्याटप्प्याने परत गेले. बस. म्हणजे काउंटीच्या सात टक्के घसरणीतला फार मोठा भाग हा एका कार्यक्रमासाठी आलेली आणि तो आटोपता घेतल्यावर गेलेली माणसं. गावातलं एक दुकान बंद पडलं नाही की एक घर विकायला निघालं नाही त्या कारणाने. आणि गंमत नाही, खरंच सांगते, ही गोष्ट कळल्यावर आम्ही फेअरफील्ड नक्की केलं. छोट्या काउंटीत टक्का बघायचाच नाही, आधी माणसं मोजायची, मग ती कुठल्या गावातली ते बघायचं. अजून एक, क्विकफॅक्ट्सवर फक्त पाच हजारांच्या वरची गावं येतात, त्यामुळे वेदिक सिटी तिथे शोधूनही मिळणार नाही, त्यासाठी मोठ्या साइटवरच जावं लागतं.

आता फेअरफील्ड हे काय प्रकरण आहे ते थोडं सांगते कारण त्याशिवाय इथला कुठलाच आकडा कळत नाही. इथे पार्सन्स कॉलेज नावाचं जुनं कॉलेज होतं, ते १९७३ ला बंद पडलं. पुढच्याच वर्षी महर्षी महेश योगींच्या लोकांनी तो कॅम्पस घेतला आणि कॅलिफोर्नियातून आपली युनिव्हर्सिटी इथे आणली. तेव्हापासून या मक्याच्या शेतांमध्ये ध्यान करणारी हजारो माणसं येऊन राहिली, कायमची राहिली, इथेच म्हातारी झाली. कॅम्पसवर दोन मोठे सोनेरी घुमट आहेत, एक बायकांसाठी, एक पुरुषांसाठी. जुने गावकरी या लोकांना 'रू' म्हणायचे, गुरूमधला रू. आता दोन्ही बाजू बऱ्यापैकी मिसळल्या आहेत, पण काउंटीचं वय, शिक्षण, उत्पन्न, धर्म, खाणं सगळ्यावर त्या १९७४ चा ठसा आहे. म्हणजे पानावर तुम्हाला एकच सरासरी दिसते, प्रत्यक्षात ती दोन वेगळ्या गावांची सरासरी असते. एकीकडे चार पिढ्या मका आणि सोयाबीन करणारी घरं, दुसरीकडे सत्तरच्या दशकात बोस्टनहून नाहीतर कॅलिफोर्नियाहून आलेले, आता सत्तरी ओलांडलेले, पदव्युत्तर शिकलेले लोक, आणि तिसरे म्हणजे युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सायन्सला आलेली नेपाळ, भारत, इथिओपिया अशा देशांतली पंचविशी-तिशीतली मुलं. मध्यम वय काढलं तर जे येतं त्या वयाचा माणूस शोधायला लागाल तर दुकानात दिसणार नाही.

पहिल्यांदा वेदिक सिटीतून गाडी चालवली तो दिवस विसरणार नाही. ऑक्टोबर होता, दोन्ही बाजूला मका सुकून पिवळा झालेला, कुठेतरी कापणीचं मशीन धूळ उडवत चाललेलं, आणि मध्येच एक घर, दार पूर्वेला, बरोबर मधोमध, आणि छपराच्या टोकावर कळस. मी गाडी बाजूला घेऊन थांबलेच. मग पुढचं घर, त्यावरही कळस. त्यापुढचं तसंच. सगळ्या घरांची तोंडं एकाच दिशेला, रस्ता कुठेही असो. स्थापत्यवेद म्हणतात ते, मधोमध ब्रह्मस्थान सोडायचं आणि पूर्वेचं दार. सातारा जिल्ह्यात माझ्या आजोळी कळस फक्त देवळावर, घरावर नाही. इथे राहणाऱ्या बाईंशी नंतर ओळख झाली, त्या मूळच्या ओहायोच्या, त्यांनी मला ब्रह्मस्थान म्हणजे काय ते इतक्या आस्थेने समजावलं की मी मध्ये बोललेच नाही. घरांच्या तक्त्यात ही सगळी घरं 'एक कुटुंब, स्वतंत्र' या एका ओळीत येतात, शेजारच्या डुकरांच्या फार्मवरच्या लाकडी घरासारखीच. दोन्ही बरोबर आहे.

आता घरांच्या तक्त्याबद्दल, कारण रिव्ह्यू वाचणाऱ्यांना तेच हवं असतं. मोठ्या साइटवर चार प्रोफाइल आहेत, डीपी०२ समाज, डीपी०३ पैसा आणि नोकरी, डीपी०४ घरं, डीपी०५ लोकसंख्या. घर शोधणाऱ्याने डीपी०४ पूर्ण वाचायचं, वरवर नाही. आम्ही वरवर वाचलं. भाड्याचा आकडा बघितला, खुश झालो, पुण्यात मगरपट्ट्यात जे भरत होतो त्याच्याशी मनातल्या मनात तुलना पण केली, आणि गावाबाहेर खडीच्या रस्त्यावर एक फार्महाऊस भाड्याने घेतलं. मालक सांगताना म्हणाले हीटिंग तुमचं तुम्ही बघायचं. आम्ही म्हटलं ठीक आहे. घराच्या मागे एक पांढरी लांबट टाकी होती, गोळीच्या आकाराची, ५०० गॅलनची. नोव्हेंबर आला, थर्मोस्टॅट वर केला, आणि डिसेंबरच्या मध्यात एका पहाटे घर गार. टाकीच्या वर एक झाकण असतं, ते उचललं की आत काटा, तो मी टॉर्च धरून बघितला तर पाच टक्क्यांवर. प्रोपेन. गावाबाहेर गॅसची पाइपलाइन नसते, टँकर येऊन भरून जातो, आणि ५०० ची टाकी ८० टक्केच भरतात म्हणजे ४०० गॅलन, आणि जुनं, फटी असलेलं लाकडी घर असलं की आयोवाच्या थंडीत ते झपाट्याने संपतं. आणि ऐन हिवाळ्यात भरायला सांगितलं की भाव वेगळा, उन्हाळ्यात आधी बुक करून ठेवणाऱ्यांचा भाव वेगळा, हे शेजारच्या शेतकऱ्याने नंतर सांगितलं. त्या महिन्यात गॅस आणि भाडं मिळून जे झालं ते बघून नवरा दोन दिवस बोलला नाही.

आणि हे सगळं डीपी०४ मध्ये होतं हो! 'घर तापवायचं इंधन' असा चक्क वेगळा भाग आहे, पाइपचा गॅस किती घरांत, टाकीचा किती, वीज किती, लाकूड किती, सौर किती. काउंटीचा आकडा आणि फेअरफील्ड गावाचा आकडा शेजारी ठेवला की लगेच कळतं की गावात पाइप आहे आणि बाहेर टाकी आहे. दुसरं, जे भाडं दाखवतात ते 'ग्रॉस रेंट' असतं, म्हणजे भाड्यात वीज, गॅस, पाणी भाडेकरू भरत असेल तर ते पण धरून. त्यामुळे जाहिरातीतलं भाडं आणि पानावरचं भाडं यांची थेट तुलना करायची नाही. आम्ही जाहिरात स्वस्त समजलो ते म्हणूनच. तिसरं, घराची किंमत जी दाखवतात ती घरमालकाने स्वतः सांगितलेली असते, माझं घर आज विकलं तर एवढे येतील असं, ती कुठल्या व्यवहाराची नोंद नसते. वीस वर्षं ज्यांनी घर विकलं नाही त्यांचा अंदाज हा अंदाजच असणार.

आणि वेळ. हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. लोकांना वाटतं पानावरचं भाडं या वर्षीचं. तसं नसतं. दर दहा वर्षांची मोठी जनगणना फक्त डोकी आणि घरं मोजते, थोडक्यात वय, लिंग, वंश, मालकीचं की भाड्याचं इतकंच. उत्पन्न, भाडं, भाषा, इंधन हे सगळं 'अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे' मधून येतं, तो दरवर्षी देशभरातल्या साधारण ३५ लाख पत्त्यांना जातो. ज्या काउंटीत ६५ हजारांच्या वर माणसं आहेत तिला दर वर्षीचे वेगळे आकडे मिळतात, त्याहून छोटीला पाच वर्षांचे एकत्र करून. जेफरसनला पाच वर्षांचेच. म्हणजे '२०१९ ते २०२३' असं लिहिलेलं भाडं म्हणजे कोविडच्या आधीचं, कोविडमधलं आणि नंतरचं सगळं एका पातेल्यात ढवळून काढलेलं, फक्त महागाईचा हिशेब करून शेवटच्या वर्षाच्या डॉलरमध्ये आणलेलं. खोटं नाही, पण आजचंही नाही. आजच्या जवळचं हवं असेल तर घरबांधणी खातं, हड, दरवर्षी प्रत्येक काउंटीचं 'फेअर मार्केट रेंट' काढतं, एका बेडरूमचं वेगळं, दोनचं वेगळं, ते बघा. मी आता कोणालाही दोन्ही बघायला सांगते.

प्रत्येक आकड्याच्या शेजारी अधिक-उणे करून एक दुसरा आकडा असतो, तो कृपया सोडून देऊ नका. पंधरा हजारांच्या काउंटीत सर्व्हे जातो मोजक्या घरांना, त्यामुळे त्या आकड्यात डगमग असते. समजा एखाद्या ओळीत १२० माणसं आणि अधिक-उणे ९५ लिहिलं असेल तर त्याचा अर्थ खरा आकडा २५ ते २१५ मध्ये कुठेही असू शकतो, आणि तेही नव्वद टक्के खात्रीने. अशा ओळीवरून 'इथे अमुक समाजाची माणसं वाढतायत' असं काही म्हणता येत नाही. क्विकफॅक्ट्सच्या पानावर ही अधिक-उणे लगेच दिसत नाही, मोठ्या साइटवर दिसते, म्हणून मी पहिल्या नजरेला क्विकफॅक्ट्स आणि निर्णयाला मोठी साइट असं ठेवलंय. मोठी साइट वापरायला जड आहे हे मान्य, मोबाइलवर तक्ता उजवीकडे सरकवत सरकवत बोट दुखतं, आणि शोधायच्या जागी काय टाइप करायचं ते सुरुवातीला कळत नाही. थेट 'डीपी०४ जेफरसन काउंटी आयोवा' असं टाका, पटकन येतं. आयोवा लिहायला विसरू नका, जेफरसन नावाच्या काउंट्या अमेरिकेत पंचवीस आहेत.

गरिबीचा आकडा बघून घाबरणाऱ्यांसाठी एक सांगते. कॉलेज असलेल्या छोट्या गावात गरिबीचा टक्का फुगतो. होस्टेलमध्ये राहणारी मुलं त्या हिशेबात धरतच नाहीत, पण बाहेर खोली घेऊन राहणारी धरतात, आणि शिकणाऱ्या मुलाचं उत्पन्न किती असणार. इथे तर कॉम्प्युटर सायन्सची मुलं काही महिने कॅम्पसवर शिकतात आणि मग प्रत्यक्ष कामाच्या अनुभवासाठी शिकागो, डॅलस अशी पांगतात, म्हणजे सर्व्हे ज्या महिन्यात आला त्यावर कोण मोजलं जाणार ते ठरतं. याचा अर्थ इथे खरी गरिबी नाही असा नाही. आहे, आणि ती शांत आहे, गावाच्या कडेला मोबाइल होममध्ये राहणारी, दोन दोन नोकऱ्या करणारी माणसं माझ्याच लाइनवर काम करतात. फक्त एकाच टक्क्यात ती आणि विद्यार्थी एकत्र येतात आणि मग दोघांचंही नीट दिसत नाही, याचं मला वाईट वाटतं.

शेतीचं पण तसंच. ओटमवाहून हायवे ३४ ने घरी येताना पंचवीस मैल फक्त शेतं, आणि डीपी०३ मध्ये शेतीवर काम करणारे बघितले तर अगदी थोडे, आणि त्यात पण शेती, जंगल, मासेमारी, शिकार आणि खाणकाम सगळं एकाच ओळीत. कारण तिथे माणसाची मुख्य नोकरी मोजतात, जमीन मोजत नाहीत. माझ्या डिपार्टमेंटचा एक जण कारखान्यात पूर्णवेळ आहे आणि वडिलांची जमीन पण करतो, तो तक्त्यात कारखानदारीत गेला. जमिनीचं, पिकांचं, जनावरांचं बघायचं असेल तर शेती खात्याची वेगळी कृषिगणना आहे, दर पाच वर्षांनी, शेवटची २०२२ ची, तिचं प्रत्येक काउंटीचं दोन पानी प्रोफाइल मिळतं. ते या पानाच्या बरोबरीने वाचलं की काउंटी पूर्ण होते. नुसतं एक वाचून नाही.

एका ओळीवर मी बराच वेळ थांबले होते, ती म्हणजे 'एका खोलीत किती माणसं'. एका खोलीला एकापेक्षा जास्त माणूस झालं की ते घर दाटीचं धरतात. स्वयंपाकघर पण खोलीत मोजतात, बाथरूम मोजत नाहीत. मी डोळे मिटून वाईचं आमचं घर आठवलं, दोन खोल्या आणि पुढे ओटी, आम्ही सात माणसं. इथे पुढच्या वर्षी आम्ही फार्महाऊस सोडून गावात चौकापासून चालत दहा मिनिटांवर घर घेतलं, तेही भाड्यानेच, सहा खोल्या आणि आम्ही दोघं. बांधकामाच्या वर्षाच्या तक्त्यात आमचं घर '१९३९ किंवा आधी' या सगळ्यात खालच्या ओळीत येतं. जिना चढताना तिसरी पायरी कुरकुरते, आणि खिडक्यांच्या चौकटी इतक्या वेळा रंगवल्यात की वर सरकत नाहीत. पण पाइपचा गॅस आहे.

तर हे जुनं घर घेतल्यावर एक वेगळीच गोष्ट सापडली. जनगणनेचे नावानिशी कागद ७२ वर्षं बंद ठेवतात आणि मग सगळ्यांसाठी उघडतात. १९५० चे कागद २०२२ च्या एप्रिलमध्ये उघडले. हाताने लिहिलेले, रस्त्याचं नाव कडेला उभं, घर नंबर, माणसं, वयं, कामं. मी आमचा रस्ता शोधत शोधत गेले आणि आमच्या नंबरापुढे एक कुटुंब सापडलं, घरकर्ता रेल्वेत, बायको, मुलं आणि एक म्हातारी सासू. सहा खोल्यांत सगळे. नावं इथे लिहीत नाही. पण त्या रात्री स्वयंपाकघरात उभी राहून बराच वेळ विचार करत होते की ती सासू कुठल्या खोलीत झोपत असेल.

गेल्या वर्षी तो अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे आमच्याच पत्त्यावर आला. आधी पत्र, त्यात कोड, ऑनलाइन भरा म्हणून, नाही भरलं तर कागदी फॉर्म येतो आणि मग माणूस दारात. भरणं कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा आई आलेली होती, व्हिजिटर व्हिसावर, पाच महिन्यांसाठी. मला वाटलं तिला धरायचं नाही. पण नियम वाचला तर त्या पत्त्यावर दोन महिन्यांच्या वर राहणाऱ्या प्रत्येकाला धरायचं आहे, तो पाहुणा असला तरी. म्हणजे आई पण जेफरसन काउंटीची.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर बसलो. आईचं शिक्षण, सातवी. शाळा सोडली त्या वर्षी धोम धरणाचं काम चालू होतं म्हणाली, तो रकाना नव्हता. मागच्या आठवड्यात पगाराचं काम केलं का, नाही. घरात गरम आणि गार पाण्याचा नळ आहे का, शॉवर आहे का, शेगडी, फ्रिज. आई प्रत्येक प्रश्नाला मान हलवत होती आणि मध्येच म्हणाली, हे सगळं सरकारला कशाला गं? मी म्हटलं, रस्ते, शाळा, दवाखान्याचे पैसे यावरून वाटतात. ती म्हणाली मग नीट लिही. पूर्वज कुठले, असा एक प्रश्न असतो, मोकळी जागा सोडलेली. मी विचारलं आई इथे काय लिहू, तर म्हणाली वाई लिही, नाहीतर सातारा लिही, त्यांना सातारा माहिती असेल. मी 'मराठी' लिहिलं.

मग भाषेचा प्रश्न. घरी इंग्रजी सोडून दुसरी भाषा बोलता का, कोणती, आणि इंग्रजी किती चांगली येते. आता मला माहिती होतं पुढे काय होतं ते. देशाच्या मोठ्या तक्त्यात मराठीची ओळ 'नेपाळी, मराठी किंवा इतर भारतीय-आर्य भाषा' अशी एकत्र आहे, गुजरातीला, हिंदीला, बंगालीला स्वतःची ओळ आहे, आपल्याला नाही. आणि जेफरसनसारख्या छोट्या काउंटीला तेवढंही नाही, तिथे आपण 'इतर इंडो-युरोपियन' मध्ये जातो, ग्रीक, इटालियन, पर्शियनच्या बरोबर. हा या साइटचा मला सगळ्यात खुपणारा भाग आहे. कारण समजतं, इतक्या थोड्या माणसांची ओळ वेगळी छापली तर माणूसच ओळखू येईल, इथे मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि लोकांची गुप्तता जपलीच पाहिजे. पण राज्याच्या, देशाच्या पातळीवर वेगळी ओळ का नाही? आपण इतके थोडे नक्की नाही. जे फॉर्म भरतील त्यांनी या रकान्यात 'इंडियन' किंवा 'हिंदी' असं काही लिहू नका, मराठीच लिहा, ओळ वेगळी व्हायची तर त्याशिवाय होणार नाही.

पाचपैकी साडेचार देते. अर्धा भाषेच्या ओळीसाठी कापला. घर बघायला येणाऱ्यांनी डीपी०४ मधली इंधनाची ओळ, काउंटीची आणि गावाची दोन्ही, आधी बघा, आणि गावाबाहेर घर घेणार असाल तर टाकीवरचं झाकण उचलून काटा स्वतः बघितल्याशिवाय सही करू नका.

इंग्रजी किती येते याला चार पर्याय असतात, फार चांगली, चांगली, फारशी चांगली नाही, अजिबात नाही. मी आईसाठी शेवटचा निवडणार होते. तिने चष्मा नीट करून स्क्रीनकडे बघितलं, सगळे पर्याय मला मराठीत वाचून दाखवायला लावले, आणि तिसऱ्यावर बोट ठेवलं. "थँक्यू येतं मला, बाय येतं, आणि त्या समोरच्या बाईला मी परवा 'कम, टी' म्हणाले, आली ना ती?"

आली होती. मी तिसरा निवडला.